वॉक-इन आपल्याला, आणि त्या पोरांना?

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. वीकांताला हलकंफुलकं वाचायची सवय असेल तर हे पान सोडून द्या, राग नाही.

तर मुद्दा असा. आपल्यापैकी निम्मे लोक आयटीत कसे आले? कॅम्पसमध्ये कंपनी आली नाही, किंवा आली आणि आपल्याला न घेता गेली. मग फाईल काखोटीला मारून आपण ऑफ-कॅम्पसच्या रांगेत उभे राहिलो. महाप्याला, ऐरोलीला, जमेल तिथे वॉक-इन दिले. रांगेतल्या कोणी आपल्याला 'तू शाळेपासून कोडिंग करतोस का रे?' असं विचारलं नाही. पेपर दिला, सोडवला, आत गेलो. लिनक्सचंही तेच. पॅच कोणाचाही चालतो, तो बरा आहे की नाही एवढंच बघतात.

आता कॉलेजच्या फुटबॉल टीमकडे या. ट्रायलची नोटीस लागते आदल्या संध्याकाळी, तीही जिमखान्याच्या दारामागे. चाळीस पोरं येतात. वीस मिनिटं एकच बॉल, सगळे त्याच्यामागे. मग नावं वाचतात, आणि गंमत म्हणजे यादी आधीच टाईप केलेली असते! हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कॉलेजचं नाव सांगत बसत नाही. कारण हा एका कॉलेजचा दोष नाही, ही रीत आहे. टीम बनते स्पोर्ट्स कोट्यातून आलेल्यांची, ठरावीक शाळांच्या पोरांची आणि गेल्या वर्षीच्या कॅप्टनच्या दोस्तांची. बाकीच्यांची ट्रायल हा निव्वळ देखावा.

अमेरिकेत अशा बाहेरून येणाऱ्या पोराला 'वॉक-ऑन' म्हणतात. शिष्यवृत्ती नाही, आमंत्रण नाही, स्वतःच्या पायांनी मैदानावर येतो म्हणून वॉक-ऑन. त्यांचा फुटबॉल वेगळा, हातात धरून पळायचा, पण तत्त्व तेच. जे. जे. वॉट हा विस्कॉन्सिन विद्यापीठात असाच आला आणि पुढे एनएफएलचा सर्वोत्तम बचावपटू तीनदा ठरला. बेकर मेफिल्ड वॉक-ऑन म्हणून सुरुवात करून २०१७ साली हाइजमन ट्रॉफी घेऊन गेला. तिथेही आता गदा आली आहे बरं का. २०२५ मध्ये कोर्टाच्या तडजोडीतून शिष्यवृत्त्यांची ८५ ची मर्यादा गेली आणि संघातच १०५ पेक्षा जास्त पोरं नकोत असा नियम आला. पण निदान तिथे या माणसाला नाव आहे, आणि त्याची जागा गेली तर बोंब मारणारे लोक आहेत. आपल्याकडे नावही नाही.

'जो शाळेपासून खेळला नाही तो काय दिवे लावणार?' हा नेहमीचा प्रश्न. उत्तर आपल्याच देशात, तेही २०१७ सालात आहे. त्या वर्षी सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेन-माली उपांत्य सामना रंगला. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिलावहिला गोल ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध झाला. कोणी केला? मणिपूरच्या जीक्सन सिंगने. याच जीक्सनला आधीच्या प्रशिक्षकाने नाकारलं होतं! मग मिनर्व्हा अकादमीच्या पोरांनी सराव सामन्यात भारताच्या संघालाच हरवलं, आणि नव्या प्रशिक्षकाने त्यांच्यातले काही उचलून संघात घेतले. पहिली यादी अंतिम धरली असती तर तो गोल झालाच नसता.

त्याच संघात आपला नमित देशपांडे होता. जन्म मुंबईचा, वाढला अमेरिकेत. परदेशातल्या पोरांसाठी ट्रायलचं दार उघडलं म्हणून आत आला. म्हणजे सात समुद्रापलीकडच्या पोरासाठी दार उघडता येतं, पण पेंधरहून मेट्रोने येणाऱ्या पोरासाठी येत नाही, असं का?

पेंधर मुद्दाम म्हटलं. १७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाली आणि आमचं तळोजं एकदाचं नकाशावर आलं. इथे राहतात कोण? एमआयडीसीत शिफ्ट करणारे, सिडकोच्या लॉटरीत घर लागलेले, आणि मूळचे गावकरी. यांच्यातल्या अनेक पोरांच्या शाळेला टीम सोडा, मैदानच नव्हतं. खेळले ते सिडकोच्या रिकाम्या प्लॉटवर, आणि तिथेही पत्रे लागले की खेळ बंद. अशा पोराकडे सर्टिफिकेट कुठून येणार? सर्टिफिकेट मागणं म्हणजे 'तुझ्या बापाने कुठल्या शाळेत घातलं' हे विचारणं. खेळ कुठे आला यात?

वयाचंही तेच. कॅनडातल्या रॉजर बार्न्सली यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की निवडल्या जाणाऱ्या आइस हॉकी खेळाडूंमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेले जास्त असतात. कारण? त्या वयात सहा-आठ महिन्यांनी मोठं पोर उंच आणि दांडगं असतं, आणि बघणाऱ्याला तेच टॅलेंट वाटतं. अठराव्या वर्षी हा फरक बराचसा पुसला जातो. म्हणजे शाळेत चुकलेली निवड दुरुस्त करायची नैसर्गिक जागा कॉलेज आहे. आणि आपण नेमकी तिथेच जुनी यादी कॉपी-पेस्ट करतो!

'सर लोकांना वेळ नसतो, ग्राउंड क्रिकेटवाल्यांकडे असतं, स्पर्धेचं पत्र आठ दिवस आधी येतं.' मान्य, सगळं खरं आहे. पण नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांकडे तरी काय होतं? २००१ साली पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं दिसली आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. २०२२ मध्ये नागराज मंजुळेंचा 'झुंड' पाहून आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवून आपापल्या कॉलेजच्या बंद यादीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

मी काही क्रांती मागत नाहीये. मागणी एवढीच:

एक, ट्रायलची नोटीस पंधरा दिवस आधी, आणि ती व्हॉट्सॅपवरही.

दोन, एक नाही, दोन शनिवार. सात-सात जणांच्या छोट्या मॅच लावा, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला बॉल लागेल.

तीन, वीसच्या संघात दोन जागा फक्त बाहेरून आलेल्यांसाठी. त्या जागेवर वशिला चालणार नाही.

चार, ज्याला नाही म्हटलं त्याला का नाही ते एका ओळीत सांगा. पुढच्या सेमिस्टरला तो पुन्हा येईल.

याला खर्च किती? दोन शनिवार आणि एक कागद.

कॉलेज सुटल्यावर ही पोरं कुठे खेळणार? आपण पगारदार लोक टर्फ बुक करतो, पैसे वाटून घेतो, रात्री दहाला खेळून घरी जातो. ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत, त्याच्यासाठी कॉलेजचं मैदान ही फुकटात, शिट्टी आणि जर्सीसकट खेळायची शेवटची संधी असते. ती वीस मिनिटांत काढून घेतली तर पुन्हा कोणी देत नाही.

तुमच्यातले बरेच जण आता माजी विद्यार्थी म्हणून कॉलेजला देणग्या देता, मेळाव्यात भाषणं ठोकता. पुढच्या वेळी चेकवर सही करायच्या आधी फक्त एवढं विचारा, 'सर, यंदा ट्रायलची नोटीस कधी लावणार?' आणि उत्तर मिळेपर्यंत पेन खिशातच ठेवा.