चंद्याआधी 15100

जानेवारी 2024 च्या शेवटच्या आठवड्यात नया नगरच्या ग्रुपांवर एकच प्रश्न फिरत होता, “कुणी ओळखीचा वकील आहे का?” 21 जानेवारीच्या रात्री मीरा रोडला हाणामारी झाली, मग अटका, मग बुलडोझर. कुणी फीचा आकडा सांगत होतं, कुणी चंद्याचा क्यूआर कोड टाकत होतं. मोफत कायदेशीर मदतीचं नाव मला तरी कुठे दिसलं नाही, आणि मलाही ते सुचलं नाही.

त्या प्रकरणातल्या चौदा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला तो जानेवारी 2025 मध्ये. सरकारी खर्चाचा वकील असता तर ते लवकर सुटले असते, असा माझा दावा नाही. पण अटकेनंतर 24 तासांत माणूस दंडाधिकाऱ्यांपुढे उभा राहतो, आणि ते तास आपण पैसे जमवण्यात घालवतो.

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 एकदा वाचाच. कोठडीतला कुणीही, कोणतीही स्त्री, कोणतंही मूल, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न न पाहता. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. अटकेची खबर पोलिसांनी जवळच्या विधी सेवा समितीला लगेच द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सांगितलं. मुंबईच्या कोठड्यांतल्या स्त्रियांबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून तो निकाल आला. आणि 2012 मध्ये, कसाबच्याच खटल्यात, न्यायालय म्हणालं की आरोपीला पहिल्यांदा हजर केल्यावर हा हक्क समजावून सांगणं हे दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे. कसाबला जो हक्क आहे, तो नया नगरच्या पोराला मागायला लाज कसली?

लाजेपेक्षा अविश्वास मोठा आहे. “सरकारी वकील आपल्या बाजूने कशाला बोलेल?” असं मोहल्ल्यात सर्रास ऐकू येतं. इथे गल्लत होते. सरकारी वकील फिर्यादी पक्षाचा असतो. प्राधिकरणाने नेमलेला वकील तुमचा असतो, फक्त त्याची फी सरकार भरतं. ती फी तुटपुंजी असते आणि काही वकील कैद्याला भेटतही नाहीत, हीही तक्रार खरी आहे. अशा वेळी प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करून वकील बदलून मागता येतो. तो अर्ज कुणी करतच नसेल, तर व्यवस्था सुधारणार कशी?

फौजदारीचंच कशाला. पोटगीसाठी जमातीच्या चकरा मारून थकलेल्या बहिणीलाही हाच कायदा लागू आहे. कोर्ट फी आणि कागदपत्रांचा खर्चसुद्धा त्यात येतो.

मार्च 2025 पासून मीरा रोडला हाटकेशमध्ये आपलं न्यायालय आहे. त्याआधी प्रत्येक तारखेला घोडबंदर रस्त्याने ठाणं गाठावं लागे. जिल्हा प्राधिकरणाचं कार्यालय अजून ठाण्यालाच आहे, पण 15100 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक कुठूनही लागतो. वाचकांत कायदा शिकणारे असाल, तर प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून अर्ज करा. पोलीस ठाण्यात घाबरलेल्या अम्मीला अर्ज लिहून देणारं कुणीतरी आपल्यातलं असायला हवं.

परवा मी सोसायटीच्या ग्रुपवर नुसता 15100 टाकला. पहिलं उत्तर आलं, “भाई, ओटीपी चुकून इथे आला.”