शब्दांविना कॅरोल : नाताळ आणि पितळी वाद्ये

इंग्लंडमधील सॅलिसबरीत 1878 मध्ये फ्राय कुटुंबातील वडील आणि तीन मुलगे साल्वेशन आर्मीच्या रस्त्यावरील सभांत पितळी वाद्ये वाजवू लागले. पुढे या संस्थेचे ब्रास बँड नाताळातील रस्त्यांची ओळख बनले. कारण साधे : ही वाद्ये उघड्यावर, गोंगाटातही ऐकू येतात.

टोरांटोत 1970 मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅनेडियन ब्रास’मध्ये पाचच वादक : दोन ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा. त्यांच्या नाताळ अल्बममध्ये शब्दांची उणीव भासत नाही. उलट गाण्यात शब्दांमागे दडणारे खालचे सूर पुढे येतात. मात्र मोबाइलच्या स्पीकरवर ट्युबाचा खर्जच हरवतो. म्हणून हेडफोन लावावा. आधी चाल ऐकावी, दुसऱ्यांदा फक्त ट्युबा. ओळखीचे कॅरोल नवे वाटेल.