राणीला कुंकू कोणी लावले?

पारोळ्याचा भुईकोट किल्ला १७२७ सालचा. झाशीच्या नेवाळकरांची जहागीर इथली, त्यामुळे लक्ष्मीबाई म्हणजे आमच्या गावची सूनच. जयंतीला तिची तसबीर लागते ती भरजरी शालू, नथ, मोत्यांचे सर आणि कपाळावर ठसठशीत कुंकू अशी. मिरवणुकीत घोड्यावर बसवलेली शाळकरी पोरही तशीच नटवलेली.

मैत्रिणींनो, गंगाधरराव वारले २१ नोव्हेंबर १८५३ला. झाशीसाठी इंग्रजांकडे केलेले अर्ज, सत्तावनचा लढा, ग्वाल्हेरचे मरण, ज्यासाठी आपण तिला राणी म्हणतो ते सगळे तिने विधवा असताना केले. १८५४ साली जॉन लँग हा वकील तिला भेटला. दत्तक मुलाने पडदा ओढला म्हणून ती त्याला क्षणभर दिसली. अंगावर साधी पांढरी मलमल, दागिना म्हणाल तर कानांतले सोने. गोडसे भटजी तर झाशीतच राहिलेले. ‘माझा प्रवास’मध्ये ते तिचा मर्दानी पोशाख सांगतात, पांढरे पातळही सांगतात, आणि नवऱ्यामागे तिने नथ घातली नाही हेही.

मग ही नथ आली कुठून? दरबारी चित्रांच्या वळणातून. राजपूत दरबारात राजाचे चित्र काढताना चेहरा त्याचा असे. मिशी, जामा, पगडीची बांधणी पाहून माणूस ओळखावा. जनान्यात चिताऱ्याला प्रवेश नव्हता, तेव्हा बाई बहुधा एका ठरीव साच्यातली, लांब डोळ्यांची आणि दागिन्यांनी मढलेली. किशनगढची ‘बणीठणी’ १९७३ साली टपाल तिकिटावर आली. ती गायची, कविता करायची. पण नाव उरले ते नटण्याथटण्याचे!

या साच्यात विधवा मावत नाही. १९८७ साली देवराल्यात रूपकंवर जळाली, त्यानंतर चितेवरचे तिचे जुळवून केलेले फोटो विकले गेले. त्यातही ती नवरीच्या वेषात. जिवंत विधवा दाखवण्यापेक्षा जळणारी सवाष्ण दाखवणे या समाजाला सोपे जाते.

कोणी म्हणेल, मग काय विधवांनी पांढऱ्यातच राहायचे? मुळीच नाही. हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ला विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे सुचवले. जिला कुंकू हवे तिने ते खुशाल लावावे. पण मेलेल्या राणीला तिला न विचारता कुंकू लावणारे हेच लोक संक्रांतीला गल्लीतल्या विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. माझ्या बैठकीत येणाऱ्या बाया दारामागे उभ्या राहून ती धामधूम बघतात.

येत्या १९ नोव्हेंबरसाठी आम्ही जयंती समितीला पत्र देणार आहोत. तसबीर मर्दानी पोशाखातली नाहीतर पांढऱ्या पातळातली लावा, आणि पहिला हार आमच्या बैठकीतल्या एखाद्या बाईच्या हातून घाला. सह्या गोळा होत आहेत. तुमच्या गावातही ही मागणी करा.