विश्लेषण : मुंबईत कोणत्या किनाऱ्यावर, कोणता जलक्रीडाप्रकार आणि कधी?

पावसाळा सरला की मुंबईकरांना समुद्र खुणावू लागतो. कयाक, पॅडलबोर्ड, शिडाची होडी, जेट स्की, बनाना बोट अशा खेळांची हौस वाढते आहे. मात्र किनारा निवडताना बहुतेक जण घरापासूनचे अंतर, गाडी लावायची सोय आणि समाजमाध्यमांवरील छायाचित्रे पाहतात. भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा आणि हंगाम यांचा विचार नंतर होतो किंवा होतच नाही. मुंबईत खेळाची मजा आणि जिवाची सुरक्षितता मात्र याच तीन गोष्टींवर ठरते.

आधी किनारा की आधी वेळ?

मुंबईत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत हा फरक जवळपास सहा तासांचा होतो. म्हणजे गेल्या रविवारी सकाळी आठला जिथे कमरेएवढे पाणी होते, तिथे या रविवारी त्याच वेळी नुसती ओली वाळू किंवा चिखल असू शकतो.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती येते. तेव्हा भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटर किंवा त्याहूनही जास्त फरक पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि हा फरक दीड-दोन मीटरवर येतो. गोव्यात उधाणाच्या दिवसांतही फरक साधारण दोन मीटरच्या आसपास राहतो. त्यामुळे गोव्यात पाण्यात उतरल्याचा अनुभव मुंबईत जसाच्या तसा लागू पडत नाही. इथे पाणी जास्त उंच चढते, जास्त मागे जाते आणि तेवढ्याच वेळात जास्त वेगाने हलते.

भरतीची वेळ घरबसल्या कशी कळेल?

कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या वापरला जाणारा एक सोपा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, तिथी प्रतिपदेपासून मोजायची. दिनदर्शिका प्रत्येक घरात असते, त्यामुळे सहलीचा बेत आखताना हा हिशेब पुरेसा आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी मात्र त्या दिवसाचे अधिकृत भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहायलाच हवे, कारण या हिशेबात तासाभराची तफावत सहज पडते.

कोणते तास धोक्याचे?

भरती-ओहोटीचे पाणी एकाच वेगाने हलत नाही. सुरुवातीच्या आणि शेवटच्या तासात ते जेमतेम सरकते. साधारण सहा तासांतील मधल्या दोन तासांत मात्र एकूण फरकाच्या जवळपास निम्मे पाणी चढते किंवा उतरते. चार मीटरच्या उधाणात हे दोन मीटर होतात.

आता तिथीचा हिशेब त्याला जोडून पाहू. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या सुमारास रविवार आला, तर दुपारी बारा-एकला पूर्ण भरती असते आणि तीन ते चारच्या दरम्यान ओहोटी सर्वाधिक वेगात असते. जेवण आटोपून सहलीला आलेले गट नेमके याच वेळी पाण्यात शिरतात. खाड्यांच्या मुखाजवळ तेव्हा खाडीचे पाणी जोरात समुद्राकडे धावत असते. उघड्या किनाऱ्यावर लाटांनी आणलेले पाणी वाळूच्या उंचवट्यांमधील चरांतून परत फिरते आणि माणसाला आत ओढते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजत राहिल्याने फक्त दमछाक होते. तरंगत राहून, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडणे आणि हात उंचावून मदत मागणे हाच मार्ग असतो.

कोणत्या खेळाला कोणता किनारा?

कयाक आणि पॅडलबोर्ड : नवशिक्यांना शांत पाणी लागते. गिरगाव चौपाटी मलबार हिल आणि नरिमन पॉइंट यांच्या आडोशाला असल्याने तिथे लाटांचा जोर कमी असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ त्यासाठी उत्तम. अष्टमीच्या आसपासचा दिवस निवडला तर भरती सकाळीच आणि तीही भांगाची मिळते. मार्वे-मनोरी परिसरात खाडीचे पाणी वरवर निवांत दिसते, पण भरती-ओहोटीच्या मधल्या तासांत तिथला प्रवाह नवशिक्याला पेलणारा नसतो. शिवाय त्याच वाटेने मनोरीला जाणाऱ्या बोटींची ये-जा असते.

शिडाची होडी आणि विंडसर्फिंग : यांना वारा हवा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे वाहतात. मार्च ते मे या काळात ते अधिक जोमदार असतात. पश्चिम किनाऱ्यावर हा वारा जमिनीकडे ढकलतो, त्यामुळे होडी भरकटली तरी किनाऱ्याकडे येण्याची शक्यता जास्त. पहाटेचे मतलई वारे याच्या उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. इमारतींच्या आडोशामुळे काठावर ते जाणवत नाहीत, पण थोडे आत गेल्यावर हलका पॅडलबोर्ड किंवा हवा भरलेली नळी दूर नेतात. म्हणून सकाळी पॅडल मारणाऱ्यांनी काठ धरूनच राहावे. शिडाच्या होडीचे धडे घेण्यासाठी पूर्वेकडील बंदराचे पाणी अधिक आडोशाचे आहे, मात्र जहाजांच्या वाटेपासून दूर ठेवणारा प्रशिक्षक सोबत हवाच.

जेट स्की, बनाना बोट, पॅरासेलिंग : यांना ऐसपैस, उघडा किनारा आणि पोहणाऱ्यांपासून वेगळा पट्टा लागतो. जुहू लांब आणि रुंद आहे, पण सुट्टीच्या संध्याकाळी तिथे पाण्यातही गर्दी असते. पॅरासेलिंगचा विचार करताना जवळच विमानतळ आहे आणि तिथून हेलिकॉप्टरची ये-जा होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. या खेळांसाठी अलिबागजवळचे नागाव किंवा मुरूडच्या वाटेवरील काशीद गाठणे अधिक सयुक्तिक.

सर्फिंग आणि स्कूबा : इथे मुंबईचा आग्रह सोडलेला बरा. हिवाळ्यात मुंबईत सर्फिंगजोगी लाट क्वचितच उठते आणि ती उठते त्या पावसाळ्यात पाण्यात उतरणे धोक्याचे असते. त्यासाठी उत्तर गोव्यातील अश्वे किंवा कर्नाटकातील मुल्की हे पर्याय आहेत. खाड्यांतून येणाऱ्या गाळामुळे मुंबईचे पाणी गढूळ असते, त्यामुळे पाण्याखालचे जग पाहायचे तर मालवण-तारकर्ली गाठावे लागते.

अक्सा : इथे वाळूचे उंचवटे आणि त्यांमधले चर सतत जागा बदलतात. काल गुडघाभर पाणी असलेल्या जागी आज खोल चर असू शकतो. बुडण्याच्या घटनांमुळे हा किनारा वर्षानुवर्षे चर्चेत आहे. पाण्यातील खेळांसाठी तो निवडू नये, सूर्यास्त पाहण्यासाठी जरूर जावे.

हंगामाचे गणित काय?

जून ते सप्टेंबर हा काळ नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत राज्याच्या किनाऱ्यावर जलक्रीडा बंद असतात. यांत्रिक मासेमारीही १ जून ते ३१ जुलै या काळात बंद असते. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मग होड्या लोटतात, यात श्रद्धेबरोबर समुद्राचा अनुभवही आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जेलीफिश आणि ब्लूबॉटल किनाऱ्यालगत येतात आणि त्यांचा दंश वेदनादायी असतो. ऑक्टोबरमध्ये समुद्र निवळू लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नवशिक्यांचा, तर मार्च ते मे वाऱ्यावर खेळणाऱ्यांचा काळ.

पाण्याच्या स्वच्छतेचे काय?

लाटांपासून आडोसा म्हणजे पाणी लवकर न बदलणे, हेही खरे. गिरगावची जमेची बाजू हीच तिची उणी बाजू आहे. शहरातील नाले आणि सांडपाणी अखेर समुद्रातच जाते. अवकाळी पाऊस झाल्यावर रस्त्यांवरील आणि नाल्यांतील घाण किनाऱ्यालगत साचते, त्यामुळे निदान दोन-तीन दिवस पाण्यात उतरू नये. नाल्याच्या तोंडापासून दूर राहावे. अंगावर उघडी जखम असल्यास किंवा पाण्याला दुर्गंधी येत असल्यास बेत रद्द करावा.

पैसे देण्यापूर्वी काय पाहावे?

व्यावसायिकाकडे महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का, जॅकेट मापाचे आहे आणि त्याचे पट्टे शाबूत आहेत का, सोबत बचाव नौका आहे का, हे विचारण्यात संकोच नको. महापालिकेचे जीवरक्षक गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, अक्सा आणि गोराई या किनाऱ्यांवर असतात. त्यांचे आणि लाल बावट्याचे ऐकावे. लाटांचा अंदाज हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था देते. संकटात ११२ आणि समुद्रात अडकल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक मोबाइलमध्ये असावेत.

प्रशासनाकडून अपेक्षा काय?

साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी महापालिका दर पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. त्यामागची चिंता प्रामुख्याने शहरात तुंबणाऱ्या पाण्याची असते. पाण्यात उतरणाऱ्यांना ही माहिती वर्षभर हवी आणि तीही किनाऱ्यावरच. प्रत्येक चौपाटीच्या प्रवेशद्वारावर आजची भरती, आजची ओहोटी आणि पाण्यात न उतरण्याचे तास एवढ्या तीन ओळी रोज मराठीत लिहिल्या, तरी बराच फरक पडेल. त्यासाठी मोठा प्रकल्प लागत नाही, एक फळा आणि तो रोज पुसून लिहिणारा माणूस पुरतो. ‘पोहण्यास मनाई’ अशी कायमची पाटी लोक वाचून पुढे जातात. दुपारी तीन ते पाच पाण्यात उतरू नका, असे त्या दिवसाचे वाक्य वाचले, तर निदान कारण तरी विचारतील.