थॅलेसेमियाग्रस्त मुलांना ठरल्या तारखेला बारामतीतच रक्त मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, पुणे
मा. अधिष्ठाता, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, बारामती

अर्जदार : थॅलेसेमियाग्रस्त मुलांचे पालक व ग्रामस्थ, लोणी भापकर व परिसर, ता. बारामती, जि. पुणे

महोदय,

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाच्या अंगात पुरेसे रक्त तयारच होत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला बाहेरून रक्त चढवावे लागते, आणि तेही जन्मभर. एक पिशवी लागली की पुढची साधारण कधी लागणार, हे त्याच दिवशी कळते. अपघातात किंवा बाळंतपणात रक्त केव्हा लागेल हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या मुलांची गरज मात्र कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवता येते. असे असूनही दर खेपेला आमची पळापळ अपघातातल्या माणसाच्या नातेवाइकांसारखी होते. ती थांबावी, हे आमचे मुख्य मागणे आहे.

ही खेप कशी असते ते थोडक्यात सांगतो. आधी हिमोग्लोबिन तपासणे व क्रॉसमॅचसाठी नमुना देणे, मग रक्ताची वाट पाहणे, आणि ते मिळाले की तीन-चार तास मुलाच्या खाटेशी बसणे. बहुधा यात दोन दिवस जातात. आमचा भाग तालुक्याच्या जिराईत पट्ट्यातला आहे. रोजावर जाणाऱ्या आईबापांचा दोन दिवसांचा रोज बुडतो आणि मुलाची शाळाही बुडते. गटाचे रक्त शिल्लक नसले तर पुण्याचा रस्ता धरावा लागतो. तोवर मूल पांढरेफटक पडलेले असते, जिना चढताना त्याला धाप लागते. थॅलेसेमिया, सिकलसेल व हिमोफिलियाच्या रुग्णांना बदली रक्तदाता न मागता मोफत रक्त द्यावे, असे शासनाचे धोरण आहे. तरीही “आधी एक डोनर आणा” हे वाक्य आम्ही ऐकले आहे. येथे कोणत्याही रक्तपेढीचे नाव घेत नाही. आम्ही भांडायला आलेलो नाही, आणि पुढच्या तारखेला आम्हाला त्याच दारात उभे राहायचे आहे.

म्हणून विनंती अशी की, बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या मुलांसाठी ठरल्या वाराला, शक्यतो रविवारी, काही खाटा राखून ठेवाव्यात. प्रत्येक मुलाचा रक्तगट व पुढची तारीख नोंदवून महिन्याची यादी रक्तपेढीकडे आगाऊ द्यावी. नमुना आदल्या दिवशी लोणी भापकरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातच घेऊन बारामतीला पाठवावा. तेवढ्याने आमची एक खेप वाचेल. ज्यांना जन्मभर दुसऱ्याचे रक्त घ्यायचे आहे त्यांना ते नॅट तपासणी झालेले व पांढऱ्या पेशी गाळून काढलेले मिळावे, हेही यातच आले.

आमच्या तालुक्यात रक्तदात्यांचा तुटवडा नाही. पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि जयंत्या आल्या की मंडप पडतात, रांगा लागतात, पिशव्यांचे ढीग जमतात. अडचण अशी की लाल पेशी 35 ते 42 दिवसच टिकतात. एका आठवड्यात जमलेले रक्त दोन महिन्यांनी कामाला येत नाही, आणि मे महिन्यात व दिवाळीत फ्रिज रिकामे राहतात. वाढदिवस पुढे ढकला असे कोणालाच सांगता येणार नाही, पण शिबिरांची परवानगी देताना वर्षाचे वेळापत्रक समोर ठेवता येईल. गावागावांना महिने वाटून द्यावेत. सर्वांत अडचणीचा मे महिना लोणी भापकरला द्यावा; शिबिराची जबाबदारी आम्ही घेतो.

चढवलेल्या रक्ताबरोबर लोहही अंगात येते. एका पिशवीत साधारण 200 मिलिग्रॅम लोह असते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते हृदयात, यकृतात आणि ग्रंथींत साठते; उंची खुंटते, वयात येणे लांबते, पुढे मधुमेह जडतो. त्यासाठी डेफेरासिरॉक्ससारख्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. त्या महिन्याच्या महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाव्यात व दर तीन महिन्यांनी फेरिटिनची तपासणी व्हावी. एक बाब तर बिनखर्चाची आहे. शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी देतात. “याला रक्त कमी आहे” म्हणून भल्या हेतूने आमच्या मुलाच्या हातावरही ती ठेवली जाते. शेजारीपाजारी बीट-खजूर सुचवतात, त्यांना आम्ही आवरू. ही गोळी या मुलांना देऊ नये, अशी लेखी सूचना शाळांना मात्र आपणच द्यावी.

हा आजार सिंधी, पंजाबी लोकांतला, असा समज आपल्याकडे आहे. त्या समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरे, पण तो मराठी घरांतही आहे, आणि मामाच्या मुलीशी सोयरीक करण्याची रीत अजून गेलेली नाही. नवरा-बायको दोघेही मायनर, म्हणजे आजाराचे नुसते वाहक, असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक असते. सायप्रसने लग्नाआधीच्या तपासणीवर भर देऊन अशा बाळांचे जन्म जवळपास थांबवले. आमच्या आरोग्य केंद्रात पहिल्या नावनोंदणीलाच गरोदर बाईची एचबीए-टू तपासणी व्हावी आणि ती मायनर निघाल्यास नवऱ्याची त्याच आठवड्यात व्हावी. अहवाल गुप्त ठेवणे अत्यावश्यक आहे. मायनर माणूस ठणठणीत असतो, तरी गावात बातमी फुटली तर घरातल्या धाकट्या बहिणीचे लग्न मोडते. ही भीती असेपर्यंत कोणी तपासणीला येणार नाही.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 ने थॅलेसेमियाला दिव्यांगत्वात धरले, पण नोकरीतील चार टक्के आरक्षणात रक्तविकारांना जागा दिली नाही. तो विषय आपल्या अधिकारातला नसल्याने येथे लांबवत नाही. प्रमाणपत्राच्या शिबिराचा एक दिवस मात्र आपण या मुलांसाठी ठेवू शकता.

वरील मागण्यांवर उन्हाळ्याच्या टंचाईपूर्वी, म्हणजे एप्रिल संपायच्या आत, पालक, रक्तपेढी व आरोग्य केंद्र यांची एकत्र बैठक बोलवावी आणि कोणती मागणी केव्हापर्यंत पूर्ण होईल, हे आम्हाला लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले नम्र,
पालक व ग्रामस्थ, लोणी भापकर व परिसर

प्रत माहितीसाठी : वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, लोणी भापकर; गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, बारामती