तान्ह्याच्या डोळ्यातील पांढरी झाक

मोतीबिंदू म्हणजे म्हातारपणचे दुखणे, ही समजूत कितीदा घातक ठरते! तान्ह्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसते आणि वडीलधारी म्हणतात, ‘जरा मोठे होऊ द्या.’ ग्रहणाचा दोष सुनेच्या माथी येतो, तो वेगळाच. जन्मतः दाट मोतीबिंदू असल्यास शस्त्रक्रिया पहिल्या दोनेक महिन्यांतच व्हावयास हवी; प्रकाश पोचला नाही, तर मेंदू पाहावयास शिकतच नाही. क्वचित ती झाक कर्करोगाचीही असते. बंगळूरच्या चामराजपेट भागात सरकारी मिंटो नेत्र रुग्णालयाची वास्तू १९१३ पासून उभी आहे. परंतु तिच्या दाराशी पोचणे ही केवळ पहिली खेप. पुढे चष्मा, डोळ्यावरची पट्टी, वर्षानुवर्षांच्या तपासण्या. रोजमजुरी बुडवून त्या खेपा कोणी घालावयाच्या, हे एकट्या आईवर सोडू नका.