मायेचा हात आणि यंत्राचा हात

खंडेनवमीच्या सकाळीं सोलापुरांतील आमच्या घरीं वाहनांच्या पूजेची गडबड चालली होती. आमचे ज्येष्ठ बंधु अण्णा यांनीं नित्याप्रमाणें मोटार पुसून ठेविली होती, वहिनी झेंडूच्या फुलांची माळ घेऊन बाहेर आल्या होत्या, आणि इतक्यांत ऊन अंगणांत उतरून मोटारीच्या काळ्या पत्र्यावर पडलें. त्याबरोबर सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखीं बारीक वर्तुळें चमकूं लागलीं. आमचा पुतण्या यंत्रशास्त्राचा पदवीधर असून खरें बोलण्यास फारसा वेळ लावीत नाहीं. तो म्हणाला, "अण्णाकाका, हे ओरखडे तुमच्या टॉवेलाचे. रोज सुकें पुसतां, त्याचें हें फळ!" अण्णांनीं टॉवेल खांद्यावर टाकला आणि कांहीं न बोलतां ते आंत गेले.

पूजा यथासांग झाली; परंतु त्या दिवसापासून अण्णांनीं मोटारीस हात लावला नाहीं. सहा वर्षें स्नानसंध्या आटोपल्यावर मोटार पुसण्याचा ज्यांचा नेम कधीं चुकला नाहीं, ते आतां त्या वेळीं वर्तमानपत्र घेऊन बसूं लागले. आपल्या मायेनेंच आपल्या वस्तूस इजा झाली असें कळणें यासारखें दुःख नाहीं. म्हणून या प्रश्नाचा आम्हीं थोडा खोल विचार केला. तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हे ओरखडे म्हणजे काय, तें पाहूं. हल्लींच्या मोटारीचा रंग एक नसून अनेक थरांचा असतो. पत्र्यावर गंज रोखणारा लेप, त्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांवर एक पारदर्शक थर, ज्यास कारागीर क्लिअर कोट म्हणतात. हे सारे थर मिळून सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एक-दीड पानाएवढे जाड असतात. आणि त्यांतील पारदर्शक थर ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या पानाहून फारसा अधिक नसतो. उन्हाशीं झुंजण्याचें काम याच थराकडे असतें. धुळींत गारेचे सूक्ष्म कण असतात व ते या थराहून कितीतरी कठीण असतात. सुक्या फडक्यानें धूळ पुसली कीं ते कण फडक्याखालीं घासले जातात आणि प्रत्येक फेऱ्यांत शेंकडों बारीक रेषा उठतात. गंमत अशी कीं, या रेषा वर्तुळाकार नसतातच. त्या सर्व दिशांनीं गेलेल्या असतात. परंतु ज्या रेषा प्रकाशाच्या किरणांस आडव्या येतात, तेवढ्याच चमकतात, म्हणून दिव्याभोंवतीं वा सूर्याभोंवतीं त्यांचें जाळें दिसतें. सावलींत तीच मोटार निष्कलंक वाटते!

तेव्हां अपराध टॉवेलाचा नव्हे, सुक्या धुळीचा होता. सोलापुरी टॉवेलास २००५ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें त्याच्या गुणांमुळेंच. परंतु अंग पुसण्याच्या गुणांमुळें, मोटारीवरची धूळ ओढण्याच्या नव्हे. आमच्या गांवचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जाणारा आणि धूळ बारमास. त्यांत पाण्याची ओढ. मग माणूस सुकें फडकें हातीं घेतो, यांत नवल तें काय?

आतां हे ओरखडे जावेत कसे? ओरखडा भरून निघत नाहीं. त्याच्या सभोंवतालचा थर घांसून त्याच्या तळापर्यंत खालीं आणावा लागतो. म्हणजे प्रत्येक झिलईबरोबर तो अर्ध्या पानाचा थर किंचित् पातळ होतो. नुसतें मेण वा तेलकट लेप लावला तर रेषा झांकल्या जातात, पण चार वेळां धुतल्यावर पुनः वर येतात. पूर्वीची गोष्ट निराळी होती. १९२४ च्या सुमारास अमेरिकेंत ओकलंड मोटारीवर ड्यूको नांवाचा जलद वाळणारा रंग प्रथम आला. त्यापूर्वी तेलाचें रोगण वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. आमच्या वडिलांच्या अँबॅसडरवर पारदर्शक थर नव्हता. हातानें पॉलिश करूं लागलें कीं फडक्यावर गाडीचाच रंग उतरे. अण्णांचा हात त्या गाडीवर तयार झालेला. गाडी बदलली, रंग बदलला. हात मात्र तोच राहिला.

पुतण्याचा आग्रह यंत्राचा. त्याचें म्हणणें असें कीं, हाताच्या बोटांचा दाब सर्वत्र सारखा पडत नाहीं, गति मंद असते, आणि कठीण थरावरचे ओरखडे हातानें घांसून खांदा दुखतो पण जाळें जात नाहीं. हें खरें आहे. म्हणून त्यानें आम्हां कोणास न विचारतां गाडी गांवांतील एका कारागिराकडे नेली. त्यानें एकाच दिशेनें गरगर फिरणारें यंत्र लावलें. तासाभरांत गाडी आरशासारखी झाली! परंतु घरीं आल्यावर वहिनींनींच प्रथम पाहिलें कीं, पुढच्या झांकणाच्या कडेवर रुपयाएवढा ठिपका फिकट पडला आहे. कडेवर थर मुळांतच पातळ; त्यावर यंत्र क्षणभर रेंगाळलें, उष्णता वाढली, आणि पारदर्शक थर उडून खालचा रंगही विरला. शिवाय सूर्यप्रकाशांत धुरकट पट्टे दिसूं लागले, तें वेगळेंच. त्या रात्रीं जेवणाच्या पानावर पुतण्या मान खालीं घालून बसला. अण्णांनीं त्याच्या पानांत आपण होऊन तूप वाढलें आणि एवढेंच म्हणाले, "अरे, हात चुकतो तसें यंत्रही चुकतें. पुढें काय करायचें तें सांग."

पुढें जें केलें तेंच आमचें उत्तर. रंगाची जाडी मोजणारें लहानसें उपकरण आणून पत्र्याची जागोजाग मोजणी केली. प्लॅस्टिकच्या भागांवर तें चालत नाहीं आणि ते भाग लौकर तापतात, म्हणून ते बाजूस ठेविले. गाडी नीट धुतली. मग फिरतां फिरतां डोलणारें दुहेरी गतीचें यंत्र आणलें. तें एका जागीं तितकी उष्णता सांठवीत नाहीं. सर्वांत सौम्य लेप घेऊन आधीं वीतभर जागेवर प्रयोग केला. सपाट भागांवर पुतण्यानें यंत्र चालविलें. कडा, मुठींच्या खांचा आणि अरुंद पट्ट्या अण्णांनीं लहान स्पंजानें हातानें केल्या. जो ओरखडा नखास लागला, तो तसाच ठेविला. त्यास घालविण्याचा हट्ट म्हणजे थरच घालविणें. पुसट राहिलेलें थोडेंसें जाळें आम्हीं मुद्दाम राहूं दिलें. तो फिकट ठिपकाही तेथेंच आहे.

हातमाग कीं यंत्रमाग, हा प्रश्न सोलापुरास नवा नाहीं. येथील कित्येक घरांची भाकरी या एका प्रश्नावर वरखालीं झाली आहे. परंतु मोटारीपुरतें सांगावयाचें तर निर्णय असा: ओरखडे घालविण्यांत यंत्र श्रेष्ठ, ते न होऊं देण्यांत हात श्रेष्ठ. आणि घालविण्याची संधि दोन-चार वेळांच मिळते. न होऊं देण्याची रोज मिळते.

यासाठीं पाणी फार लागत नाहीं. दोन बादल्या पुरेत. एकींत साबणाचें पाणी, दुसरींत फडकें खळबळण्याचें. प्रथम धूळ पाण्यानें भिजवून निथळूं द्यावी, मग मऊ मायक्रोफायबरचें फडकें वरून खालीं, हलक्या हातानें, दर फेऱ्यास धुऊन फिरवावें. चाकांचें फडकें निराळें. उन्हांत तापलेल्या पत्र्यास हात लावूं नये. आणि ज्या दिवशीं पाणी नसेल, त्या दिवशीं मोटार धुळीची राहूं द्यावी. एवढा संयम मात्र अण्णांस सर्वांत जड गेला!

आतां रविवारीं सकाळीं अंगणांत दोन बादल्या असतात आणि काका-पुतणे दोघेही असतात. अण्णांचा जुना टॉवेल वहिनींनीं धुऊन पुनः न्हाणीघरांत लावला आहे. घरांतील वडीलधाऱ्यांची चूक दाखवावी लागते, नाहीं असें नाहीं. पण तीही सुक्या फडक्यानें पुसूं नये. आधीं थोडें भिजवावें.